पाठमोरे सासरे

कोणी पाहत नसलं की माझे पाय जड होतात. बहुतेकांचं उलटं असतं, ते मला ठाऊक आहे. चार लोकांसमोर उभं केलं की त्यांच्या तोंडचं पाणी पळतं आणि येत असतं तेही विसरायला होतं. माझं तसं कधी झालं नाही. बाभुळगावला शाळेत होते तेव्हा एकटीनं मैदानाच्या फेऱ्या मारायच्या म्हटलं की मी रडतराऊतासारखी पळायची. खेळाचे सर डोक्याला हात लावायचे. पण तालुक्याच्या सामन्यांना मैदानाभोवती माणसं उभी राहिली, पोरी ओरडायला लागल्या, की मला माझीच ओळख पटायची नाही. शेवटच्या दोरीपाशी माझी आई उभी असायची. खरं सांगते, मी बक्षिसासाठी कधी पळले नाही. तिनं पाहिलं म्हणजे झालं, एवढंच डोक्यात असायचं.

लग्न होऊन राळेगावकडच्या एका लहानशा गावात आले आणि पळणं संपलं. सुनेला पळायचं काम कुठं पडतं? एसटी सुटायला लागली तरी सुनेनं झपाझप चालायचं, पळायचं नाही, कारण पळलं की डोक्यावरचा पदर सरकतो. आणि पदर सरकला की समोर कोणी ना कोणी सासरा असतोच. नवऱ्यापेक्षा वयानं मोठा असलेला गावातला प्रत्येक पुरुष नात्यानं सासरा नाहीतर भासरा म्हणजे थोरला दीर, मग त्याचं घर गावाच्या पार दुसऱ्या टोकाला का असेना. एवढ्याशा गावात मला किती सासरे आहेत, ते मोजायच्या भानगडीत मी पडले नाही.

माझे खरे सासरे, म्हणजे मामाजी, माझ्याशी बोलत नसत. राग नव्हता, रीत होती. त्यांना तहान लागली आणि मी तांब्या घेऊन शेजारीच उभी असले, तरी ते आत्याबाईंना, म्हणजे माझ्या सासूला, म्हणायचे, "पाणी द्या म्हणा." आत्याबाई माझ्याकडं बघायच्या आणि मी पाणी द्यायची. आत्याबाई घरी नसल्या तर मामाजी कोठ्यातल्या गाईला सांगायचे, "आज वावरात लवकर जाचं हाय बा, भाकर लवकर पाह्यजे." गाय काही भाकर करत नव्हती. नवीन होते तेव्हा मला याचा असा संताप यायचा की मी भांडी आपटायची. पुढं सवय झाली. गाईला सांगितलेलं कोणतं गाईसाठी आणि कोणतं माझ्यासाठी, हे मला आवाजावरून कळायला लागलं.

ते दिवस कापसाचे फार वाईट होते. एका साली अळी, एका साली पाऊस, आणि दोन्हींतून वाचलं तर भाव. त्यावर पुष्कळांनी लिहिलं आहे, मी काय लिहू. मला त्या दिवसांतले जास्त आठवतात ते आम्हाला पाहायला येणारे लोक. फाट्यावरून जीप आत वळायची, कॅमेरेवाले उतरायचे, कोणालातरी कापसाच्या पऱ्हाटीत उभं करायचे. माणूस हसत असला तर थांबायचे, त्याचं हसू संपू द्यायचे आणि मग फोटो काढायचे. एकदा मी दारात तूर पाखडत शेजारणीशी खिदळत होते तर त्यांतला एक म्हणाला, "ताई, जरा गंभीर बसता का?" मी सूप उचललं आणि आत निघून गेले. साऱ्या देशाचं आमच्याकडं लक्ष आहे, असं तेव्हा म्हणत. असेल बाई. आम्ही पडतो कसे, ते पाहायला पुष्कळ येऊन गेले. पळतो कसे, ते पाहायला कोणाला सवड नव्हती.

अशातच एका वर्षी संक्रांतीच्या सुमारास आमच्या बचत गटाच्या ताईंनी बायकांची पळण्याची शर्यत काढली. ताई तालुक्याहून एसटीनं यायच्या, बोलायला गोड आणि हट्टाला पक्क्या. गावाचे चेहरे पाहवत नाहीत म्हणाल्या, काहीतरी खेळा. सोयाबीन निघालेलं एक वावर रिकामं पडलं होतं. त्यातली धसकटं वेचून, वखर फिरवून आम्ही ते मऊ केलं. एका धुऱ्यापासून, म्हणजे बांधापासून, निघायचं आणि पलीकडच्या कडूनिंबापाशी दोन बायका दोरी धरून उभ्या राहतील तिला जाऊन भिडायचं. दोरीचं एक टोक आत्याबाईंनी मागून घेतलं. शर्यत कळल्यापासून स्वयंपाक करतानासुद्धा माझी टाच आपोआप उचलली जायची.

आणि झालं काय, तर सगळं गाव पाहायला आलं. धुऱ्याच्या कडेनं पोतं अंथरून झाडून सगळे म्हातारे बसले. मधोमध मामाजी. रांगेत उभ्या राहिलेल्या आम्ही सुनांनी ते पाहिलं आणि सगळ्यांचे उजवे हात एकदम डोक्यावर गेले. शिट्टी वाजली. एका हातात पदर, दुसऱ्या हातात निऱ्या, अशा आम्ही पळालो. पळालो कसल्या, घरंगळलो. आमच्यात गावची एक लेक होती, दोन गावं पलीकडं दिलेली, सणाला माहेरी आलेली. लेकीला गावात डोकं झाकायचं कारण नाही. तिनं पदर कमरेला खोचला, दोन्ही हात मोकळे सोडले आणि आम्ही अर्ध्यात असतानाच ती दोरीला पोचली. वर दम खात मला म्हणाली, "वहिनी, डोक्यावरचा हंडा तरी उतरवून ठेवाचा होता." सगळ्या हसल्या. मीही हसले, पण मनात म्हटलं, थांब तू.

घरी आल्यावर माझा सगळा राग मामाजींवर निघाला. तोंडानं नाही, तेवढी हिंमत नव्हती. त्यांच्या ताटात भाजी जरा जोरात पडली एवढंच. शाळेत असताना माणसं पाहायला आली की मी पळायची, आणि इथं माणसं पाहायला आली म्हणून मला पळता आलं नाही. असं का व्हावं? नजर तर तीच. मामाजी मान खाली घालून जेवले. उठताना आत्याबाईंना म्हणाले, "एका हातानं कोणी पळते का?" मला वाटलं, टोमणा मारला.

पुढच्या संक्रांतीला त्याचा अर्थ कळला. तेच वावर, तेच पोतं, तेच म्हातारे. आम्ही रांगेत उभ्या राहिलो, हात डोक्यावर गेले, आणि तेवढ्यात मामाजी उठले. त्यांनी बुडाखालचं पोतं उचललं, झटकलं, फिरवून अंथरलं आणि आमच्याकडं पाठ करून, शेजारच्या वावरातल्या तुरीकडं तोंड करून खाली बसले. शेजारच्या म्हाताऱ्यानं त्यांच्याकडं पाहिलं. तोही फिरला. मग त्याच्या पलीकडचा. बाकीच्यांची पंचाईत झाली. सुनेचा सासरा पाठ करून बसला असताना दुसऱ्यानं तिच्याकडं डोळे लावून बसणं बरं दिसत नाही, म्हणून कुरकुरत का होईना सगळे फिरले. पांढऱ्या टोप्यांची अख्खी रांग आमच्याकडं पाठ करून बसली.

ताई घाबरल्या. त्यांना वाटलं, म्हाताऱ्यांनी बहिष्कार टाकला. तावातावानं त्यांच्याकडं निघाल्या तर मी त्यांचा हात धरला. "ताई, राहू द्या," मी म्हटलं, "आमाले पळता यावं म्हणून थे फिरले." त्या दिवशीही एक कॅमेरेवाला आलेला होता. बायकांची शर्यत सोडून त्यानं म्हाताऱ्यांच्या वाकलेल्या पाठींचे फोटो काढले. ते कुठं छापले आणि त्याखाली काय लिहिलं, देव जाणे. आमचे बुढे तर मजेत तंबाखू मळत होते.

आम्ही पदर कमरेला खोचले, निऱ्या वर घेतल्या. शिट्टी वाजली आणि मी पळाले. दोन्ही हात माझे होते. यंदाही माहेरी आलेल्या त्या लेकीला मी कडूनिंबाच्या बरंच अलीकडं गाठलं आणि पहिली आले. आत्याबाईंनी दोरी टाकून मला मिठी मारली. बक्षीस म्हणून स्टीलचा डबा मिळाला.

आणि तरी काहीतरी चुकलं होतं. घरी येईपर्यंत मला ते कळेना. संध्याकाळी अंगणात मामाजींनी आत्याबाईंना विचारलं, "कोण आलं पहिलं?"

"आपली सून."

"बरं," मामाजी म्हणाले आणि बैलांना पाणी पाजायला गेले.

त्या "बरं"नं मला फार लागलं. दुसऱ्या कोणी म्हटलं असतं तर मी मनावर घेतलं नसतं. पण मामाजींच्या नजरेला पंचक्रोशीत मान होता. आमच्याकडं शंकरपट होतात, बैलजोड्यांच्या शर्यती, त्यात शेवटच्या रेघेवर कोणती जोडी आधी आली ते सांगायला मामाजींना उभं करत. ते म्हणतील ते दोन्हीकडचे लोक मान्य करत. लोक लांबून जोडी घेऊन त्यांना दाखवायला यायचे. मामाजी बैलाला चार पावलं पळवायचे आणि सांगायचे की हा डावीकडं ओढतो, याचं मन नाही, हा पळेल पण याला हाणू नका. परक्याच्या बैलाला मिळणारी ती नजर, आणि घरची सून पहिली आली ते त्यांना विचारावं लागलं. मला त्यांच्या पाठीचा राग नव्हता. त्या पाठीत माया होती, हे न कळण्याइतकी मी बावळट नाही. पण मला पाहायला माणूस लागतं. आई गेल्यावर तसं पाहणारं माझं कोणी उरलं नव्हतं, आणि मला ते मामाजी हवे होते. बस, इतकी साधी गोष्ट होती आणि ती मला कोणाला सांगता येत नव्हती.

तिसऱ्या वर्षी सांगितली. शर्यतीला थोडे दिवस उरले होते. दुपारची वेळ, मामाजी अंगणात दोर वळत बसलेले, आत्याबाई मधे तीळ निवडत होत्या, मी ओट्यावर.

"आत्याबाई," मी म्हटलं, "यंदा मी नाही पळत."

"काहून वो? मांगच्या साली तं पहिली आलती."

"आलती का नाही आलती, कोणी पाह्यलं?"

"मी पाह्यलं न. दोरी माह्याच हातात होती."

"तुमचं नाही म्हणत मी."

मामाजींचे हात थांबले. मग मामाजी आत्याबाईंना म्हणाले, "तिले म्हणा, पाठ कोणासाठी फिरवली होती?"

आत्याबाईंनी माझ्याकडं मान वळवली. त्यांनी तोंड उघडायच्या आत मी म्हटलं, "त्यायले म्हणा, माह्यासाठी फिरवली, मले माहीत हाय. पण यंदा तोंड इकडं करून बसा म्हणा."

"आन पदर?"

"पदर कमरेले राहीन. दोन्ही हात लागतात म्हणा."

"म्हणजे सुनेले उघड्या डोक्यानं पाहू मी?"

आत्याबाईंची मान एकदा इकडं, एकदा तिकडं. शेवटी तिळाचं सूप खाली ठेवून त्या वैतागल्या. "तुमी दोघं एकमेकाशी बोला न बापा. माही मान दुखून राह्यली."

मामाजी उठले, दोराचं भेंडोळं खुंटीला अडकवलं आणि कोठ्यात गेले. गाईशीसुद्धा काही बोलले नाहीत.

मग मात्र माझं धाबं दणाणलं. बोलून तर बसले. आता मामाजी आलेच नाहीत तर? गाव विचारेल, म्हातारा का नाही आला, आणि घराघरात चर्चा होईल की सुनेनं तोंड वर करून काहीतरी म्हटलं. त्या माणसानं माझ्यासाठी अख्खं गाव फिरवून बसवलं होतं आणि मी त्यालाच अडचणीत टाकलं. नवऱ्याला सांगितलं तर ते म्हणाले, "तूच घातलं, तूच निस्तर." म्हटलं, मोठा आधार झाला.

शर्यतीच्या दिवशी मामाजी सकाळीच वावरात निघून गेले होते. मी गटाच्या बायकांबरोबर गेले. म्हातारे यायला लागले आणि आता त्यांना सांगावं लागत नव्हतं, रीतच पडली होती, येतील तसे ते पोतं टाकून तुरीकडं तोंड करून बसायचे. मामाजींची मधली जागा रिकामी होती. ताई शिट्टी हातात घेऊन उभ्या राहिल्या तरी रिकामीच होती. लेकीनं माझ्याकडं पाहून पदर खोचला. मी खोचला नाही.

तेवढ्यात तुरीच्या ओळीतून मामाजी आले. अंगावर धुतलेला सदरा होता, पटाला जाताना घालायचे तो. ते आपल्या जागी आले, पोतं टाकलं आणि आमच्याकडं तोंड करून बसले. पाठींच्या त्या रांगेत तेवढा एक चेहरा. शेजारच्या म्हाताऱ्यानं मान न वळवताच विचारलं, ते आम्हाला इथपर्यंत ऐकू आलं. "काय गा, सून पाहाले बसला का?"

"पळणं पाहाले बसलो," मामाजी म्हणाले.

मी पदर डोक्यावरून काढला. कमरेला घट्ट खोचला. लग्न झाल्यापासून त्या माणसासमोर माझं डोकं उघडं पडलं नव्हतं. कानाला वारा लागला. मग शिट्टी वाजली आणि मी पळाले, आणि काय पळाले. जमीन मागं टाकत गेले. लेक मागं, बाकीच्या त्याहून मागं, समोर आत्याबाई दोरी धरून नाचत होत्या. कडेनं मला मामाजी दिसत नव्हते पण ते आहेत हे पाठीला, मानेला, तळपायाला कळत होतं. शाळेनंतर पहिल्यांदा मला पळताना हसू आलं.

दोरी अगदी हाताशी आली तेव्हा मी मान वळवली. मामाजी अर्धे उठून उभे राहिले होते, गुडघ्यांवर हात, आणि त्यांची मान माझ्याबरोबर वळत आली होती. मी ते पाहिलं आणि तेवढ्यात लेक माझ्या खांद्याजवळून गेली आणि दोरी घेऊन पुढं निघाली.

मी दुसरी आले. आत्याबाई लेकीकडं रागानं बघत राहिल्या, लेकीनं येऊन माझा हात दाबला. मी पदर डोक्यावर घेतला. धुऱ्याकडं पाहिलं तर मामाजी पोतं खांद्यावर टाकून घराच्या वाटेला लागलेले होते.

घरी आले तेव्हा ते अंगणात बाजेवर बसलेले होते. आत्याबाई मागं गटाच्या बायकांत अडकल्या होत्या. मी पायावर पाणी घेत होते.

"दोरीपाशी माह्याकडं काहून पाह्यलं?"

मी मागं वळून पाहिलं, आत्याबाई आल्या की काय म्हणून. कोणी नव्हतं. गाय कोठ्यात होती, आणि मामाजींचं तोंड कोठ्याकडं नव्हतं. ते माझ्याकडं पाहत होते.

"तिथंच गेलं तुहं," ते म्हणाले. "सुरुवात मस्त होती. खांदा जरा उचलते तू, थे चालते. पण दोरी येवस्तोवर मान वळू द्याची नाही. जिंकली होती तू."

त्यांनी सगळं पाहिलं होतं. माझा खांदा पाहिला होता. मी बोलले, सरळ त्यांच्याशीच, मधे कोणाला न घालता.

"तुमी पाहून राह्यले का नाही, थे पाह्यलं मी."

मामाजींनी टोपी काढली, मांडीवर आपटली, पुन्हा घातली.

"पुढच्या साली नको पाहू," ते म्हणाले. "मी हावोच."

मी हो म्हटलं. आत गेले, चुलीपुढं बसले आणि पोटभर रडले. थोड्या वेळानं आत्याबाई आल्या. त्यांना वाटलं, हरल्याचं दुःख झालं. "जाऊ दे माय, पुढच्या साली येशीन पहिली," म्हणत त्या माझ्या पाठीवरून हात फिरवत बसल्या, आणि मी त्यांना फिरवू दिला.